तिसरा खण

टेबलावर तीन खोकी मांडलेली होती आणि कंग्राळकर सर त्यांच्याकडे मुलीसाठी स्थळं बघायला बसलेल्या बापासारखे बघत होते. तिन्ही खोक्यांत एकच वस्तू होती, एका वेळी चार बॅटऱ्या भरणारा चार्जर. फरक होता तो रंगाचा, किमतीचा आणि, हे आम्हाला मागाहून कळलं, अकलेचा.

"तांत्रिक छाननीपासून सुरुवात करू," सर म्हणाले. "शेवाळे, लिहा."

मी लिहायला बसलो. या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सरकारी तंत्रनिकेतनात कंग्राळकर सर उपकरणशास्त्राचे विभागप्रमुख होते, मुजावर वर्कशॉपचे अधीक्षक आणि शिवाय संस्थेचे सुरक्षा अधिकारी होते, आणि मी कॅलिब्रेशन लॅब सांभाळत होतो. म्हणजे जगातली सगळी मोजमापं बरोबर येतात की नाही हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. आम्हा तिघांना मिळून रोज दोन पाकिटं सिगारेट लागायची. त्या डिसेंबरात सरांच्या छातीत कळ आली, डॉक्टरांनी दम भरला, आणि त्यांच्या भाच्यानं परदेशातून एक डबी आणून दिली. बटण दाबून ओढली की आतला गोड रस तापायचा आणि वाफ निघायची. तिला वेप म्हणतात. तेव्हा अजून तिच्यावर बंदी आलेली नव्हती. महिन्याभरात मुजावरांनी आणि मीही एकेक मागवली. संस्थेत ओढायला मनाई होतीच, पण सरांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, की हा धूर नाही, ही वाफ आहे, मूग उकडताना येते तशी. नियमात वाफेचा उल्लेख नव्हता.

प्रत्येक डबीत अंगठ्याएवढ्या दोन बॅटऱ्या, म्हणजे तिघांच्या सहा. त्या भरायला चांगला चार्जर हवा होता. पैसे आमचे, वस्तू आमची, तिघं बाजारात जाऊन पाच मिनिटांत घेऊन आलो असतो. पण तीस-तीस वर्षं सरकारी खरेदी केलेल्या माणसांना असं सरळ काही घेताच येत नाही. सरांनी तीन कोटेशनं मागवली. मुजावरांनी नमुने मागवले. मी तुलनात्मक तक्ता आखला, पट्टी लावून, लाल शाईनं.

पहिला चार्जर पुण्याहून आलेला. प्रत्येक खणाला वेगळा आकडा दाखवणारी काच, उलटी बॅटरी घातली तर बोंब मारणारा, तापला तर आपणहून बंद पडणारा. दुसरा मधला. तिसरा एस.टी. स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानातला. त्याच्या खोक्यावर वाघाचं चित्र होतं आणि सोबत टॉर्च फुकट होती.

"तिसरा तांत्रिकदृष्ट्या?" मी विचारलं.

"पात्र."

"ह्याला थांबायची सोय दिसत नाही सर. बॅटरी भरली की करंट तोडायला हवा ना?"

"अपात्र लिहिलंत तर कारण द्यावं लागेल," सर म्हणाले. "कारण दिलंत तर त्यावर आक्षेप येईल. तिघेही पात्र लिहा. मग प्रश्नच मिटतो."

आमच्या खाजगी चार्जरवर आक्षेप कोण घेणार होतं, हे मी विचारलं नाही. विचारावं असं वाटलंही नाही, हे जास्त खरं. तिघेही पात्र ठरले की नियमाप्रमाणे सर्वात कमी दराचा घ्यायचा. वाघ जिंकला.

तेवढ्यात चहा घेऊन पाखरेमामा आत आले. बाबासो पाखरे हे माझ्या लॅबचे परिचर. शिक्षण नववी, नोकरी तेहतीस वर्षं, आणि मीटर वाचण्यात विभागातल्या कुठल्याही डिग्रीवाल्याला भारी. एकतीस मेला निवृत्त होणार होते. घराच्या ओसरीत मिक्सर-रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं, पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. आम्ही सगळे त्या पाटीवरून त्यांची चेष्टा करायचो आणि ते लाजून हसायचे.

मामांनी कप ठेवले, तिन्ही चार्जर एकेक करून हातात घेतले, मागचे स्क्रू बघितले, कानाशी धरून हलवले.

"पहिला घ्या साहेब," ते म्हणाले. "महाग हाय, पर थांबायचं कुठं ते त्याला कळतंय. हा वाघवाला जोडीजोडीनं भरतोय. एकाचं पोट भरलं तरी दुसऱ्याचं भरंस्तोवर त्याला गिळायला लावणार."

सरांनी चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी मामांना सांगितलं, छाननी झाली आहे. मुजावरांनी टॉर्च खिशात टाकली.

चार्जर माझ्या लॅबमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसवला. मामांची एक सवय होती. लॅबमध्ये जी विजेची वस्तू येईल ती त्यांच्या नोंदवहीत चढायची. दर सोमवारी ते मल्टीमीटर घेऊन फिरायचे आणि वस्तूचं नाव, रीडिंग, शेरा असं निळ्या पेनानं लिहायचे. शेवटच्या रकान्यात माझी सही व्हायची, दर आठवड्याला. महिन्याला सरांची व्हायची, तिमाहीला मुजावरांचा सुरक्षेचा शिक्का बसायचा. नोंदवही उघडी ठेवून मामा उभे राहायचे, मी फोनवर बोलता बोलता सही ठोकायचो. मी त्या सह्या बघून करत होतो असं जर कुणाला वाटत असेल, तर त्यानं सरकारी नोकरी केलेली नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी मामा म्हणाले, तिसऱ्या खणातली बॅटरी चार पूर्णांक दोन व्होल्टवर थांबायला हवी, ती पुढं जातेय. मी म्हटलं, शेऱ्यात लिहून ठेवा. त्यांनी लिहिलं. पुढच्या सोमवारी ते म्हणाले, अजून पुढं गेलीय, हात लावला तर चटका बसतोय. मी म्हटलं, शेऱ्यात लिहून ठेवा. आमच्याकडे हे औषधासारखं काम करतं. सांगणाऱ्याचं मन हलकं होतं, ऐकणाऱ्याचं तर होतंच. मार्चमध्ये त्यांनी सांगायचं सोडलं आणि तिसऱ्या खणावर पांढरी चिकटपट्टी लावून वर लिहिलं, 'वापरू नये'.

आम्ही तीन खणांवर भागवू लागलो. सहा बॅटऱ्या, तीन खण, त्यामुळे रोज कुणाच्या बॅटऱ्या आधी यावरून कुरबूर व्हायची. सर विभागप्रमुख म्हणून त्यांच्या दोन कायम आत. मुजावर एकदा वैतागून म्हणाले की सिगारेटला रांग लावावी लागत नव्हती.

एप्रिलच्या मध्यावर प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून परीक्षक आले, त्यांना सगळे एक्स्टर्नल म्हणतात. त्यांची बडदास्त हा आमच्या विभागाचा जिव्हाळ्याचा विषय. या एक्स्टर्नलसाहेबांनी सरांची डबी बघितली, दोन झुरके घेतले आणि फार खूश झाले. दुपारच्या सत्रात त्यांना स्वतंत्र डबी द्यायची असं सरांनी ठरवलं. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत सरांच्या दोन आणि साहेबांच्या दोन अशा चार बॅटऱ्या भरायला हव्या होत्या.

सुट्टी संपली, वीस मुलं आपापल्या टेबलाशी उभी राहिली. मी एका मुलीला दाबमापकाबद्दल काहीतरी विचारत होतो. आधी फटाक्याच्या वातीसारखा बारीक आवाज आला. मग गोडसर वास. मी वळलो तेव्हा चार्जरमधून पांढरा लोट निघत होता आणि त्याच्या मुळाशी निळी-पिवळी जीभ होती. ते टेबल दाराजवळ होतं. वीस मुलं आत, आग दाराशी. मी एवढं बघितलं आणि जागचा हललो नाही, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. मुजावर सुरक्षा अधिकारी होते. ते माझ्याआधी खिडकीपाशी पोचले होते.

पाखरेमामा पलीकडच्या टेबलावरून आले, सॉकेटमधली पिन खेचून काढली, आणि चार्जर उजव्या हातानं उचलून दारातून बाहेर पळाले. व्हरांड्यात वाळूची बादली होती. ती बादलीही दर सोमवारी त्यांच्याच नोंदवहीत असायची. ते तिथं पोचेपर्यंत दुसरी बॅटरी फुटली, त्यांच्या तळव्यातच. त्यांनी चार्जर वाळूत घातला, वर दोन मुठी वाळू टाकली, डाव्या हातानं, आणि मग भिंतीला टेकून खाली बसले. मुलांमधल्या कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. समितीत कोण असणार? अध्यक्ष विभागप्रमुख, म्हणजे कंग्राळकर सर. सदस्य सुरक्षा अधिकारी, म्हणजे मुजावर. सदस्य सचिव लॅबप्रमुख, म्हणजे मी. तीच खोली, तेच टेबल, तशाच तीन खुर्च्या. फक्त खोकी नव्हती. आणि डब्याही नव्हत्या. त्या दिवसापासून आमच्यापैकी कुणाकडेच तशी डबी कधी नव्हती.

मामा यायच्या आधी सरांनी दिशा आखून दिली. चार्जर लॅबमध्ये होता, लॅबची विद्युत उपकरणं परिचराच्या ताब्यात असतात, परिचरानं उपकरण चालू ठेवून दुर्लक्ष केलं. सर हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हते. ते फार शांतपणे, जणू हवामान सांगावं तसं सांगत होते.

"सर, मामा मे अखेर निवृत्त होतायत," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"चौकशी बसली तर ना-चौकशी प्रमाणपत्र मिळणार नाही. पेन्शन अडकेल."

"मग काय आपली तिघांची अडकवू?" सर म्हणाले.

सरांची निवृत्ती दीड वर्षावर होती, मुजावरांची तीन, माझी आठ. सगळे हिशेब डोळ्यांतल्या डोळ्यांत झाले.

मामा आले. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, गळ्यात अडकवलेला. डाव्या काखेत नोंदवही. आम्ही बसा म्हटलं तरी ते उभेच राहिले. सरांनी आरोप वाचून दाखवला. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि नोंदवही टेबलावर ठेवली.

"मला बोलायचं कायबी न्हाई साहेब. हिच्यात हाय सगळं."

सरांनी उघडली. अकरा सोमवार. अकरा नोंदी. 'खण ३ : ४.२४. जादा.' 'खण ३ : ४.२७. जादा. साहेबांना सांगितले.' 'खण ३ : ४.३१. गरम. साहेब म्हणाले शेऱ्यात लिहा.' 'खण ३ : ४.३६. पट्टी लावली.' प्रत्येक नोंदीपुढं माझी सही, ठसठशीत, खाली रेघ ओढलेली. दोन ठिकाणी सरांची, 'पाहिले' असा शेरा मारून. आणि मार्चअखेरीला मुजावरांचा गोल शिक्का, 'सुरक्षित'. तो शिक्का पट्टीच्या नोंदीवरच बसला होता.

मुजावरांनी छताकडे बघितलं. मी माझ्या सह्यांकडे. एवढी नेटकी सही मी लग्नाच्या नोंदणीलासुद्धा केली नव्हती.

"तिसऱ्या खणावर पट्टी लावली होती मी," मामा म्हणाले. "त्या दिवशी ती काढलेली होती. कुणी काढली?"

मामांनी तिघांकडे क्रमानं बघितलं, मीटर लावत जावं तसं, आणि नजर खाली घेतली.

त्यानंतर कंग्राळकर सरांनी जे केलं त्याला मी आजही प्रतिभाच म्हणतो. त्यांनी नोंदवही मिटली, चष्मा पुसला आणि विचारलं, "मुळात आग लागली होती का?"

"सर, वीस मुलांनी बघितली," मुजावर म्हणाले.

"मुलांनी काय बघितलं? पांढरा लोट बघितला. तो धूर होता असं कुणी मोजलंय? वाफ होती."

दहा मिनिटांत अहवाल तयार झाला. लिहिला मी. 'प्रात्यक्षिकादरम्यान एका उपकरणातून किंचित वाफ निर्माण झाली. परिचर श्री. पाखरे यांनी ते तत्परतेने बाजूला केले. कोणतीही हानी नाही. कोणावरही जबाबदारी निश्चित करण्याची आवश्यकता नाही.' टेबलावरचा काळा डाग जुन्या काळी सांडलेल्या आम्लाचा ठरला. मामांची पेन्शन वाचली. आमचीही वाचली. सगळे सुटले आणि मला खरंच बरं वाटलं. आपण मामांना वाचवलं असं मी मनात म्हणूनही घेतलं.

अडचण एकच उरली. मामांचा हात.

आग लागलीच नव्हती तर हात कशानं भाजला? कामावर भाजला म्हटलं तर भरपाई द्यावी लागेल, भरपाईला कारण लागेल, कारणाला आग लागेल. सरांनी सांगितलं की मामा, वैद्यकीय रजेचा अर्ज द्या, घरी भाजलं म्हणून. उजवा हात पट्टीत असल्यानं मामांना लिहिता येत नव्हतं, तेव्हा अर्ज मी लिहायचा आणि त्यांनी डाव्या हातानं सही करायची. सर आणि मुजावर बाहेर गेले. खोलीत आम्ही दोघंच.

मी लिहिलं, 'राहत्या घरी स्वयंपाक करताना'.

"चुलीवर लिहिताय का गॅसवर?" मामांनी विचारलं.

"तुमच्याकडे काय आहे?"

"गॅस हाय. गॅस लिहा. किती वाजता लिहिणार?"

"सकाळी आठ लिहू?"

"आठला मी बसमधी असतोय. मस्टरवर साडेआठची सही हाय माझी. सहा लिहा."

मी सहा लिहिलं. त्यांनी कागद जवळ ओढला, ओळ न ओळ वाचली, तारखेतली एक चूक दाखवली आणि मी ती दुरुस्त केली. मग डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखी, त्यांनी सही केली. त्या एका सहीला पाच मिनिटं लागली. पेन ठेवताना ते म्हणाले, "मग मी रीडिंग कशापायी घेत होतो साहेब?"

मी म्हटलं, काळजी करू नका मामा, हात बरा होईल.

हात बरा झाला नाही. एकतीस मेला निरोप समारंभ झाला. सरांनी भाषणात त्यांना विभागाचा उजवा हात म्हटलं आणि टाळ्या पडल्या. नोंदवही नष्ट करायला सरांनी माझ्याकडे दिली होती. मी ती घरी आणून माळ्यावर टाकली, फाडायचं धैर्य नव्हतं आणि ठेवायचंही नव्हतं. पुढच्या वर्षी त्या डब्यांवर कायद्यानं बंदी आली. सर म्हणाले, आपण तर केव्हाच बंद केलं होतं, आणि सिगारेट पेटवली.

मी निवृत्त झालो त्या आठवड्यात माळा आवरताना नोंदवही हातात आली. उघडली. अकराव्या सोमवारनंतर, पान उलटल्यावर, आणखी एक नोंद होती, ती मी कधी बघितलीच नव्हती. अक्षर वेडंवाकडं, डाव्या हाताचं. समितीसमोर येण्याआधी घातलेली असणार. 'खण ३ : पट्टी काढलेली. रीडिंग घेता आले नाही. काढणाऱ्याचे नाव' आणि पुढं मोकळी जागा. सहीचा रकानाही कोरा.

दोन दिवस मी ती वही घरात इकडून तिकडे ठेवत राहिलो. तिसऱ्या दिवशी बस पकडून मामांच्या गावी गेलो. पाटी लागलेली होती, ओसरीत एक मिक्सर उघडा पडला होता. मामा डाव्या हातानं स्क्रू फिरवत होते. उजव्या हाताची बोटं आत वळून घट्ट बसली होती आणि त्या मुठीनं त्यांनी मिक्सरचं भांडं दाबून धरलं होतं. मला बघून त्यांनी या साहेब म्हटलं, आत चहा टाकायला सांगितलं. स्क्रू निसटला, तो त्यांनी पुन्हा बसवला. पुन्हा निसटला.

मी नोंदवही त्यांच्यासमोर उघडली आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. खिशातून पेन काढलं आणि मोकळ्या जागेत माझं नाव लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत एक्स्टर्नलसाहेबांसाठी चौथी बॅटरी भरायची होती. पट्टी मीच नखानं सोलून काढली होती, गोळी करून खिडकीतून फेकली होती. मग शेवटच्या रकान्यात सही केली, खाली रेघ ओढली आणि तारीख घातली.

मामांनी नाव वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, बहुतेक त्यांना तेव्हापासूनच ठाऊक होतं. मग त्यांनी चष्मा वर केला आणि सहीकडे वाकून बघितलं. मीही बघितलं. मागची तारीख घालायच्या सवयीनं हातून आठ वर्षांमागची तारीख पडली होती, परीक्षेच्या त्या दिवसाची.

"खोडा ती," मामा म्हणाले. "त्या दिवशी तुमी सही केली नव्हती."

मी तारीख खोडून आजची घातली. त्यांनी वही मिटली, मिक्सरच्या खाली सारली आणि स्क्रूड्रायव्हर पुन्हा डाव्या हातात घेतला.